सतरावी गांधीलमाशी

सोमवार, ९ मार्च
संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. मामींनाही सांगावा. हे लिहायला बसण्यापूर्वी ब्रश स्पिरिटमध्ये धुतले, फडक्यावर ओळीने मांडले, टाचण्या शून्य नंबरापासून पाचपर्यंत लावून डबी बंद केली आणि मग कागद पुढे ओढला. तुम्ही शिकवलेला क्रम अजून मोडलेला नाही.

फोन केला की तुम्ही "बरं आहे, हिच्याशी बोल" म्हणून मामींकडे देता, आणि मामी "जेवलास का" याच्या पुढे जात नाहीत. म्हणून पत्र. पत्र तरी दुसऱ्याच्या हातात देण्यापूर्वी तुम्हाला वाचावे लागेल.

डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे ताईकडून कळले. थेंब वेळेवर घालावेत. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे असे ती म्हणाली. मनाई म्हटली की तुम्ही नेमके तेच करता, हे मी तिला सांगितले नाही; बापाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

इकडचे सर्व ठीक. कीटक-संग्रहातल्या बाराव्या कपाटाची बिजागरी अखेर बदलली. कुलूपकाकांचे गुडघे फार दुखतात, पण किल्ल्यांचा जुडगा काही ते कमरेवरून उतरवत नाहीत. हल्ली काका आधी वाजतात आणि मग दिसतात. मला सगळे अजून 'शुद्धलेखन'च म्हणतात. परवा नव्या शिपायाने तेच माझे खरे नाव समजून हजेरीच्या वहीत लिहिले, आणि तेही चुकीचे लिहिले. मी ते दुरुस्त केले आणि मग लक्षात आले की मी काय दुरुस्त केले.

सहा महिन्यांपूर्वी एक नव्या बाई आल्या आहेत, माश्या आणि मधमाश्यांचे काम पाहणाऱ्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की चहा गार होतो, आणि तो त्या तसाच पितात. त्यांनी तुम्हाला एक गोष्ट विचारायला सांगितली आहे, म्हणून खरे तर हे पत्र.

गेल्या मंगळवारी बाईंना लाकडाच्या वखारीमागे पाच गांधीलमाश्या मिळाल्या. पाचही सुस्त. घर बांधणे नाही, भक्ष्य आणणे नाही, नुसत्या एका पानाखाली जमून बसलेल्या. त्यांच्या पोटावर, चौथ्या आणि पाचव्या कड्याच्या सांध्यात, तपकिरी दाणे आहेत. बाई म्हणतात की हे ते मुरडपंखी किडे, जे गांधीलमाशीच्या पोटात राहतात. हा शब्द मी तुमच्या तोंडून ऐकला होता असे मी त्यांना म्हणालो. त्यांनी जुनी नोंदवही काढायला लावली. तुमच्या अक्षरातली नोंद आहे: "गांधीलमाश्या ४१. पंपघर. अंगावर परजीवी." त्याखाली मोठ्या साहेबांची तांबड्या शाईतली ओळ आहे, ती तुम्हाला माहीत आहे: "तपासले. आढळले नाही."

बाईंनी विचारले, "हे काय प्रकरण?"

मी म्हणालो, मला नीट आठवत नाही, मी नवीन होतो.

तर पंपघराची नेमकी कोणती भिंत, जमिनीपासून किती उंच आणि कोणत्या महिन्यात, एवढे सवडीने कळवावे. डोळ्यांना ताण होत असेल तर ताईकडून लिहवून घ्यावे. घाई नाही.

आपला आज्ञाधारक,
भाचा


सोमवार, २३ मार्च
सकाळचे आठ वाजून पाच मिनिटे

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तुमचे पत्र शनिवारी मिळाले. ते मी कामावर निघण्याआधी एकदा वाचले आणि जेवणाच्या सुट्टीत दोनदा. आत्ता चहा स्टोव्हवर आहे आणि नऊला हजर व्हायचे आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुम्ही काढलेला नकाशा बाईंना फार आवडला. पंपघर, मागची भिंत, नळाचे वाकडे कोपर, त्यावर हातभर उंचीला घर, आणि कडेला काढलेला तुमचा स्वतःचा माणूस, उंची समजावी म्हणून. त्या माणसाच्या हातात जाळी आहे हे पाहून बाई हसल्या. "हे गृहस्थ चित्र काढायला कुठं शिकले?" म्हणाल्या. मी सांगितले की कुठेच नाही, सातवीपर्यंतच शाळा झाली. "तुमची?" म्हणाल्या. मी म्हटले, नववी.

शनिवारी दुपारी आम्ही पंपघरावर जाऊन आलो. भिंतीला गिलावा झाला आहे. नळ बदलला आहे. एकही घर नाही. बाई भिंतीला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे उरल्या त्या पेटीतल्या एक्केचाळीस." इथला हा प्रकार कोणत्याही पुस्तकात नाही, पाच माश्यांवरून तो नवा म्हणून मांडता येणार नाही, आणि तुमच्या माश्यांवर तोच असेल तर गोष्ट पक्की होईल, असे त्यांचे म्हणणे आहे.

पेटी क्रमांक १०८ त्यांनी मागितली. मी म्हणालो की आठव्या कपाटाची किल्ली कुलूपकाकांकडे आहे आणि ते रजेवर आहेत. ते रजेवर नव्हते. खाली गोदामात होते. त्यांच्या किल्ल्यांचा आवाज मला जिन्यावर ऐकू येत होता.

मामा, तुमच्या पत्राच्या शेवटच्या भागाबद्दल. तुम्ही लिहिले आहे: "बाईंना सांग, माझ्या नोंदीवर फार विसंबू नका. डोळ्यावरचा पडदा काढल्यावर कळले की किती वर्षे मला धड दिसत नव्हते. ते दाणे माझ्याच डोळ्यातले असतील. उगाच लांबून जाणकार पाहुण्यांना बोलावले. तुझ्याही नावाला माझ्यामुळे बट्टा लागला, ते मनात ठेवू नकोस."

तसे काही लिहू नका. मी काही मनात ठेवलेले नाही. म्हणजे तुमच्याविरुद्ध काही ठेवलेले नाही.

चहा उतू गेला. पुढे सविस्तर लिहितो.

भाचा


रविवार, २९ मार्च
दुपारचे सव्वादोन

तीर्थरूप मामा,

आज सुट्टी आहे. सकाळपासून तीनदा खोली झाडली. चौथ्यांदा केरसुणी घेतली तेव्हा खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंनी ओरडून विचारले, "कोणी येणार आहे का रे?" मी म्हटले, नाही. मग केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि बसलो.

आधी मुख्य गोष्ट लिहितो. मध्येच धीर सुटला तर निदान एवढे तुमच्यापर्यंत पोहोचावे.

तुम्हाला बरोबर दिसले होते. दाणे होते. एक्केचाळीसपैकी अडतीस माश्यांवर होते. ते मी खरवडून काढले.

आता कसे, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी ताईच्या बाळंतपणासाठी तुम्ही नऊ दिवस गेला होता. निघताना म्हणालात, "एकशेआठ नुसती झाकून ठेव. पाहुणे आले की त्यांच्यासमोर उघडू." त्याच्या आदल्या आठवड्यात जेवताना तुम्ही मला मुरडपंखी किड्याच्या नराबद्दल सांगितले होते. काचेच्या बरणीत ठेवलेल्या माशीच्या पोटातून तो बाहेर आला, तांदळाच्या कणीएवढा, काळा. त्याचे डोळे तुतीच्या फळासारखे दाणेदार, पुढचे पंख नुसते खुंट आणि मागचे पंख्यासारखे उघडणारे. तो तीन तास फडफडला आणि मेला, आणि तुम्ही चिमट्याने उचलायला गेलात तेव्हा मामींनी नेमका वरचा पंखा लावला. तुम्ही बोटांनी पंख करून दाखवत होता आणि मामी म्हणत होत्या, "एवढ्याशा किड्यासाठी मला दोन दिवस बोलणी!" आपण तिघेही हसलो होतो. मादीबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता. ती कधी बाहेर येतच नाही, जन्मभर माशीच्या पोटात राहते आणि फक्त डोके सांध्यातून बाहेर ठेवते, हे मला माहीत नव्हते. हा तुमचा दोष नाही. मी हे माझी बाजू म्हणूनही लिहीत नाही. पुढे वाचाल तेव्हा कळेल की ती बाजू टिकत नाही.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी कुलूपकाका म्हणाले, "शुद्धलेखन, वरून तपासणी येतेय. आठवं कपाट आरशासारखं पाहिजे. तुझ्या कायमच्या कागदावर सही व्हायचीय, ध्यानात ठेव." मी आठव्या कपाटातल्या सगळ्या पेट्यांच्या डांबरगोळ्या बदलायला घेतल्या. १०८ उघडली ती फक्त गोळीसाठी. पहिल्याच माशीच्या पोटाच्या सांध्यात दाणा दिसला. तुम्ही पहिल्या दिवशी मला शिकवलेला नियम मला पाठ होता: "पेटीत कसलाही दाणा, भुगा, कात दिसली की थांबू नकोस. भुंग्याची अळी एका पेटीतून दहा पेट्या खाते. काढ आणि जाळ." मी भिंग लावले, शून्य नंबरची टाचणी घेतली आणि काढायला लागलो.

काम नाजूक होते. दाणा सहज निघत नव्हता, तळाशी धरून ठेवल्यासारखा होता. टाचणी सांध्यात घालून थोडी उचकटावी लागत होती. माशीचा एकही पाय न मोडता मी सोळा माश्या साफ केल्या. मला स्वतःचे कौतुक वाटले होते, तेही लिहिले पाहिजे.

सतराव्या माशीवरचा दाणा इतरांपेक्षा मोठा होता. भिंगाखाली तो मला नीट दिसला. चपटा, गुळगुळीत, त्याला आडवी बारीक चीर, आणि चिरेच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या. घाणीच्या दोन बाजू सारख्या नसतात. अंडे असे सांध्यात बसत नाही. हे मला त्या वेळीही माहीत होते, मामा. तुमच्या हाताखाली मला आठ महिने झाले होते.

मी टाचणी खाली ठेवली. उठून पाणी प्यालो. तुम्हाला फोन करावा असे मनात आले. ताईच्या घरचा नंबर माझ्या खिशात होता, तुम्हीच लिहून दिलेला.

परत येऊन पेटीकडे पाहिले. सोळा माश्या स्वच्छ आणि बाकीच्या मळलेल्या. एका पेटीत दोन तऱ्हा. आता थांबलो तर मी सोळा बिघडवल्या हे कोणीही पाहताच म्हणेल. सगळ्या सारख्या केल्या तर कोणीच काही म्हणणार नाही. मी एवढाच विचार केला. फार वेळही लागला नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटची माशी झाली. निघालेले दाणे बशीत घेऊन, स्पिरिट ओतून, नियमाप्रमाणे जाळले. साफसफाईच्या वहीत मी त्या दिवशी आठव्या कपाटातल्या सगळ्या पेट्यांची नोंद केली. १०८ ची केली नाही.

पुढचे तुम्हाला माहीत आहे, पण मी कुठे उभा होतो ते माहीत नाही. मी दाराजवळच्या खुर्चीमागे होतो. तुम्ही आदल्या रात्रीच परत आला होता, पेढीवर उभ्या दुकानदारासारखे हात चोळत होता, आणि नवा सदरा घातला होता. पाहुण्यांनी गळ्यातले भिंग डोळ्याला लावले. पहिली माशी, दुसरी, तिसरी. मग पेटी फिरवून शेवटच्या रांगेतून पाहिले. ते म्हणाले, "इथं तर काहीच नाही." आवाज अगदी मऊ होता. तुम्ही चष्मा काढून पुसला, लावला, पाहिले. पुन्हा पुसला. मग मोठे साहेब म्हणाले, "काय मामा, तीस वर्षं माश्या पकडल्या, आता नुसत्या माश्या मारायला लागलात काय?"

सगळे हसले. मीही हसलो. आवाज न करता, पण हसलो.

तुम्ही माझ्याकडे वळून विचारले, "भाच्या, पेटीला कोणी हात लावला होता?"

मी म्हणालो, "नाही."

तुम्ही मान हलवली आणि म्हणालात, "मग माझंच." पेटीचे झाकण तुम्ही स्वतः लावले. कडा नीट बसली की नाही ते अंगठ्याने चाचपून पाहिले.

अकरा दिवसांनी माझा कायमचा कागद आला. तुम्ही मला शर्टाचे कापड घेतले आणि खालच्या शिंपीणबाईंकडे माप द्यायला स्वतः घेऊन आलात. त्याच महिन्यात गोदामातली माणसे तुम्हाला 'दाणेवाले' म्हणायला लागली. "दाणेवाले, आज किती निघाले?" तुम्ही उत्तर द्यायचात, "पाव किलो." मला वाटायचे की तुम्ही हसण्यावारी नेता आहात. जुलैत तुम्ही जाळी जमा केलीत आणि सव्वीस महिने आधी निवृत्ती मागून घेतलीत, तेव्हा कळले की नेत नव्हता. अर्जाचा मसुदा तुम्ही मला तपासायला दिला होता, शुद्धलेखनासाठी. "दृष्टी क्षीण झाल्यामुळे" यातला 'क्षी' तुम्ही ऱ्हस्व काढला होता. मी तो दीर्घ केला आणि अर्ज परत दिला.

आता या आठवड्याचे.

तुमचे "ते दाणे माझ्याच डोळ्यातले असतील" हे वाक्य वाचल्यापासून मला भिंगाखाली बघवेना. मंगळवारी दोन चिठ्ठ्या उलट्या लावल्या. बुधवारी सकाळी मी स्वतः कुलूपकाकांकडून किल्ली घेतली, १०८ काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एक माशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, सांधा पाहिला आणि मान वर केली नाही.

"ही खरवडलेली आहे," त्या म्हणाल्या. "सांधा उचकटलाय."

"हो. मी."

"कधी?"

मी तारीख सांगितली.

"पाहुणे यायच्या आधी?"

"सहा दिवस आधी."

"आणि तेव्हा बोलला नाहीत?"

"नाही."

"आणि नंतर?"

मी पेटीचे झाकण उचलून बाजूला ठेवले. त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज या कपाटासमोरून जाता. रोज यात डांबरगोळ्या बदलता."

मी म्हणालो, "दर महिन्याला."

"दर महिन्याला," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. मी ते का दुरुस्त केले, मामा, मला माहीत नाही. मला तेवढेच येते.

त्यांनी तीन माश्या ओल्या वाळूच्या डब्यात रात्रभर ठेवून मऊ केल्या आणि गुरुवारी उघडल्या. मला शेजारी उभे राहायला सांगितले. पहिलीच्या पोटात काही नव्हते. दुसरीच्या पोटात एक पिवळट, वाळलेली, पिशवीसारखी वस्तू होती, माशीच्या जवळजवळ अर्ध्या पोटाएवढी. ती मादी. बिनपायांची, बिनपंखांची, आणि जिथे डोके असावे तिथे तुटलेली. तिसरीच्या पोटातही होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही जाळलीत ती फक्त डोकी. बाकी सगळ्या इथंच आहेत. पेटी उघडून कोणी माशीच्या पोटात बघितलं असतं, तर त्या दिवशीच कळलं असतं." मग म्हणाल्या, "पण या गृहस्थांनी सांगितलं असूनही कोणाला पोट उघडावंसं वाटलं नाही. शिपाई सांगतोय म्हणून." हे त्या माझ्याशी बोलल्या की स्वतःशी, ते कळले नाही.

वखारीमागच्या पाच माश्यांशी त्यांनी ताडून पाहिले आहे. प्रकार एकच. शुक्रवारी त्या मला मोठ्या साहेबांकडे घेऊन गेल्या. साहेबांनी सगळे ऐकून विचारले, "तुम्ही त्यांचे भाचे ना हो?" मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "मामांनी मला एकदाही विचारलं नाही, की पेटी कोणाच्या ताब्यात होती. विचारलं असतं तर तुमचंच नाव यायचं होतं." मग त्यांनी नोंदवही पुढे घेतली. तांबडी ओळ खोडता येत नाही, नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. तिच्याखाली बाईंनी लिहिले, "पुन्हा तपासले. आढळले." आणि तारीख घातली. साहेबांनी सही केली. पेन दोनदा झटकावे लागले.

माझ्याकडून पेट्यांचे काम काढून घेतले आहे. तूर्त मी खोकी बांधण्याच्या खोलीत आहे. पंधरा तारखेनंतर काय ते ठरेल. कुलूपकाकांनी किल्ली परत घेऊन जुडग्यात ओवली. हे तुमच्याकडून काही शब्द टाकला जावा म्हणून लिहीत नाही. कृपा करून टाकू नका. मी लहान असताना मामी एकदा रागाच्या भरात मला बांडगूळ म्हणाल्या होत्या आणि तुम्ही दोन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता. त्यांना माझ्याकडून सांगा की त्यांना तेव्हाही माझ्यापेक्षा नीट दिसत होते.

बाईंना आणि साहेबांना मी असे सांगितले की दाणे घाण समजून खरवडले. सोळापर्यंत ते खरे आहे. सतराव्या माशीचे अजून कोणालाच सांगितलेले नाही. उद्या सकाळी बाईंना सांगणार आहे. पण ते त्यांच्याआधी तुम्हाला कळायला हवे होते, म्हणून आज लिहायला बसलो. चुकून केले असते तर मी तीन वर्षांपूर्वीच सांगितले असते असे मला वाटते. चुकलेली माणसे सांगतात. मी पाहिले होते, म्हणून सांगता आले नाही.

बाई तुम्हाला वेगळे पत्र लिहिणार आहेत. पहिले सापडल्याचे स्थळ पंपघर राहील, तारीख तुमची राहील आणि शोधणारा म्हणून तुमचे पूर्ण नाव छापले जाईल. आणखी एक. त्यांच्याकडे नर नाही. एकही नाही. बरणीतला तो नर तुम्ही तीन तास पाहिला, तसा इथे दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही. त्याचे वर्णन त्यांना तुमच्या शब्दांत, तुमच्या नावाने हवे आहे. मी जेवतानाचे आठवेल तसे सांगू लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवले. "तुमचं नको. त्यांनी पाहिलंय, तेच सांगतील."

तेव्हा नव्या डोळ्यांना झेपेल तसे लिहा, किंवा या. याल असे ठरले तर मी स्टेशनवर यावे की नाही ते एका ओळीत कळवावे. ओळ आली नाही तर मी येणार नाही, आणि तुम्ही पंपघरावर जाल तेव्हा त्या बाजूला फिरकणार नाही.

मी माफी मागितलेली नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. मागच्या पत्रात ती तुम्ही मागितलीत, मी ती वाचली आणि तुम्हाला थेंब वेळेवर घाला इतकेसुद्धा न लिहिता चहा उतू गेल्याचे कळवले. त्यानंतर तो शब्द माझ्या हाताने लिहवत नाही.

तुमच्या ताटात जेवून मोठा झालेला,
भाचा

ता. क. मार्च अखेरचा हिशोब. हा कोणी मागितलेला नाही, पण तुमच्यापर्यंत पोहोचायला हवा.

खर्च:
पहिली दोन पत्रे — १४
हे पत्र, पोचपावतीसह — ३८
तुमचे येण्याजाण्याचे तिकीट, तारीख न घातलेले, सोबत जोडले आहे — ६४०

देणे:
तुम्ही आधी सोडलेले सव्वीस महिने. पगार आणि निवृत्तिवेतन यांतला फरक दरमहा ३,१५०, एकूण — ८१,९००
तुम्ही पूर्ण मुदतीने निवृत्त झाला असता त्या सप्टेंबरअखेरपासून आजवरचे सहा महिने. निवृत्तिवेतन कमी मिळते ते दरमहा ४१०, एकूण — २,४६०
बेरीज — ८४,३६०
वजा, सोबतची रक्कम — २,०००
बाकी — ८२,३६०

एप्रिलपासून ही बाकी दरमहा ४१० ने वाढत जाईल, तुम्ही आहात तोवर. ती पुष्कळ वर्षे वाढत राहावी.